तीन नंबरचं कूलिंग

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास कडोदऱ्याच्या एका प्लास्टिक कारखान्यात, मशीन क्रमांक तीनच्या डायमध्ये माझा धाकटा भाऊ भास्कर याचा उजवा हात सापडला. त्याच दुपारी सुरतच्या रुग्णालयात तो मनगटाच्या वर कापावा लागला. डाय म्हणजे दोन भागांचा पोलादी साचा. त्यात एक बॉबिन अडकली होती आणि ती काढायला त्याने हात घातला होता. भास्करचं वय एकावन्न. या कारखान्यात तो एकोणीस वर्षं होता.

माझ्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. धुळ्याहून निघायला मला तीन आठवडे लागले. निघण्याच्या आदल्या दिवशी भावजयीचा, सुनीताचा, फोन आला.

"अक्का, शेठनी कागद पाठवलाय. शनिवारपर्यंत सही पाहिजे म्हणतात. त्यात लिहिलंय की चूक यांचीच. सही केली तर गेटवर बसायचं काम देणार. हे तर पेन घेऊनच बसलेत. तुम्ही एकदा वाचा, मग काय ते करा."

मी एका जिल्हा दैनिकात तीस वर्षं बातम्या तपासल्या. त्यामुळे कागद वाचायचा असला की घरचे मला बोलावतात.

डिंडोली, बुधवार

उधना स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने भाडं गुजरातीत सांगितलं. मी मराठीत उत्तर दिलं, तसा तो अहिराणीवर आला. "बठा मावशी. गाव कोनतं तुम्हनं?" धुळ्यात अनोळखी माणूस आधी आडनाव विचारतो. इथे गाव विचारतात. मी अमळनेरजवळचं गाव सांगितलं. त्याने त्या गावातली दोन घरं सांगितली. त्यातलं एक आता बंद आहे, हेही त्याला माहीत होतं.

भास्करचं घर डिंडोलीच्या एका सोसायटीत, तळमजल्यावर आहे. आजूबाजूची बहुतेक घरं खानदेशातली. दारांवरच्या पाट्या मराठीत, किराणा दुकानाची पाटी गुजरातीत, आणि पायऱ्यांवर खेळणाऱ्या मुली हिंदीत भांडत होत्या. भास्कर पलंगावर बसला होता. उजवा हात उशीवर होता आणि पट्टी कोपराच्या खाली संपत होती.

"अक्का, कवय उनी तू? डोया कसा शे?"

केव्हा आलीस आणि डोळा कसा आहे, हे त्याने आधी विचारलं. मी काळा चष्मा काढून डोळा दाखवला. तो हसला. "तुन्हा एक डोया, मन्हा एक हात. माय ऱ्हाती ते म्हनती, पोरेस्नी एक-एक वाटी लिधं." आई असती तर म्हणाली असती, पोरांनी एकेक वाटून घेतलं. सुनीता स्वयंपाकघरातून ओरडली, "झाली का मस्करी सुरू? अक्का, तीन आठवडे हेच चाललंय. डॉक्टरला म्हणाले, एका हाताचे अर्धे पैसे घ्या."

जेवायला कळण्याची भाकरी आणि शेवेची भाजी होती. आमच्याकडे डाव्या हाताने जेवणं अशुभ मानतात. लहानपणी भास्कर डावा हात ताटाकडे न्यायचा, तेव्हा आई त्यावर पळी मारायची. आता तो डाव्या हाताने जेवत होता आणि त्यासाठी भिंतीकडे तोंड करून बसला होता. घरी आल्यापासून तो असाच बसतो, असं सुनीताने मला नंतर सांगितलं. भरवू का विचारलं तर ताट सरकवून देतो.

कागद एका पानाचा होता आणि गुजरातीत होता. भास्करने वाचून दाखवला, मी मराठीत उतरवून घेतला. मजकूर असा: "सेफ्टी गेटचा स्विच मी स्वतः बांधून ठेवला होता. माझ्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला. यात कारखान्याचा, मशीनचा किंवा कच्च्या मालाचा कोणताही दोष नाही."

कामगाराच्या निष्काळजीपणामुळे, हे शब्द मी नोकरीत किती छोट्या बातम्यांत तसेच जाऊ दिले, त्याची मोजदाद माझ्याकडे नाही.

"स्विच तू बांधला होतास?"

"हो. मीच. सकाळी पाळीवर आलो की पहिलं काम तेच."

"आणि कच्च्या मालाचा दोष आहे असं कोण म्हणालं होतं?"

"कोणीच नाही. वकिलानी लिहिलं असेल."

"कोणी विचारलंच नव्हतं तर नाकारलं का?"

सुनीता भाकरी थापायची थांबली.

जेवणानंतर त्याने मला काम समजावून सांगितलं. सांगताना डावा हात हलत होता, आणि मध्येच उजवा कोपरही उचलला जात होता. प्लास्टिकचा पांढरा दाणा येतो. त्यात पावडर मिसळतात, तिला कारखान्यात फिलर म्हणतात. दोन्ही वितळवून जोराने डायमध्ये भरतात. डायच्या आतून थंड पाणी फिरतं. ठरलेले सेकंद थांबायचं, हे कूलिंग. मग डाय उघडते, आतल्या पिना मालाला ढकलतात आणि बॉबिन खालच्या क्रेटमध्ये पडते. सुरतेत धागा गुंडाळायला अशा बॉबिन लागतात.

"आधी चोवीस सेकंद ठेवायचो. दोन वर्षांपूर्वी शेठनी शंखजिऱ्याची पावडर आणली, तोंडाला लावायच्या पावडरीत असते ती. माल लवकर बसायला, म्हणजे घट्ट व्हायला लागला. मी एकेक सेकंद कमी करत सोळावर आणलं. कोणी सांगितलं नव्हतं. बॉबिन गालाला लावून बघायचो, बसली की नाही ते. दसऱ्याला मशीनची पूजा झाली तेव्हा शेठनी नारळ माझ्या हातात दिला. सगळ्यांसमोर म्हणाले, सोळा सेकंद भास्करभाईचे."

आम्ही एका चटईवर बसलो होतो. ती पावडरीच्या रिकाम्या पोत्यांची होती. दर शनिवारी कामगार पाळीपाळीने पोती घरी नेतात आणि बायका ती उसवून, धुऊन, त्यांच्या चटया शिवतात. दाराजवळ दुसरी चटई होती. तिच्यावरची छपाई वेगळी दिसली म्हणून मी सुनीताला विचारलं.

"ती नव्या पोत्यांची. धुवायला बसले तर पावडर खरखरीत लागली. आधीचीनं हात मऊ व्हायचे, अक्का. मी यांना म्हटलं होतं, साबणासारखी पावडर बंद झाली काय तुमच्याकडे?"

"केव्हा?"

"झाला असेल महिना. हात जायच्या आधी दहा-बारा दिवस."

मी भास्करकडे पाहिलं.

"पावडर म्हणजे पावडर," तो म्हणाला. "तीही पांढरी, हीही पांढरी."

कडोदरा, गुरुवार

भास्करला घेऊन मी कारखान्यात गेले. त्याला हजेरीच्या कार्डावर शिक्का मारून घ्यायचा होता. तो ऑफिसात थांबला. मी काळा चष्मा, खांद्याला पिशवी आणि हातात वही अशी शेडच्या दारात उभी राहिले. गेटवरच्या म्हाताऱ्या वॉचमनने उठून मला सलाम केला आणि आत वळून कोणाला तरी खूण केली. त्याचा अर्थ मला कळायला थोडा वेळ लागला. शेडमध्ये सात मशीन होती. सातही मशीनवरची माणसं एकाच वेळी खाली वाकली.

सुरतेत साडीच्या काठाच्या चिंध्या फुकट मिळतात. डायसमोरच्या सरकत्या गेटचा स्विच दाबलेला राहावा म्हणून प्रत्येक मशीनवर तशी एक चिंधी बांधलेली असते. गेट उघडलं की स्विच सुटतो आणि मशीन थांबतं. चिंधी असली की थांबत नाही. मला फॅक्टरी इन्स्पेक्टर समजून त्यांनी सातही चिंध्या सोडल्या होत्या. मी पाहिलं तेव्हा त्या मशीनखाली पडल्या होत्या. जरीच्या तीन, साध्या चार. तीन नंबरखालची जांभळी होती.

मी कोण ते कळल्यावर सगळे हसले. एकाने चिंधी पुन्हा बांधायला घेतली, मग माझ्याकडे पाहून खिशात ठेवली. तीन नंबरवर आता ओडिशाचा प्रमोद नावाचा माणूस होता. वय तिशीच्या आसपास.

शेठ स्वतः बाहेर आले. साठीचे, मवाळ बोलणारे. त्यांनी मला ऑफिसात नेऊन भास्करशेजारी खुर्ची दिली, चहा मागवला. इथला चहा धुळ्यापेक्षा घट्ट असतो आणि बशीतच येतो.

"बेन, अमे तो एने घरनो माणस गणीए छीए," ते म्हणाले. घरचा माणूस समजतो. मग हिंदीत, "हॉस्पिटल में मैं खुद बैठा था, पूरी रात. पूछो भास्करभाई को."

ते खरं होतं. भास्करने मान हलवली.

"पावडर बदलली होती का?" मी विचारलं.

"पावडर तो आती-जाती रहती है बेन. वो मिक्सिंगवाला देखता है."

मिक्सिंगवाला म्हणजे दगडू. आमच्याच गावचा. पंधरा वर्षांपूर्वी त्याला सुरतेला भास्करनेच आणलं होतं.

लिंबायत, गुरुवार संध्याकाळ

लिंबायतच्या गल्ल्यांत दोन रिक्षा समोरासमोर आल्या की एकीला मागे जावं लागतं, आणि कोणती जाणार यावर वाद होतो. आमची गेली. दगडूची खोली यंत्रमागांच्या शेडला लागून आहे. भिंत हाताला सतत थरथरते. त्याच्या बायकोने आम्हाला पाणी दिलं आणि भास्करच्या हाताकडे न बघता ती आत गेली.

दगडू भास्करच्या पायांशी बसला. "वर बस रे," भास्कर म्हणाला. तो बसला नाही.

"दादा, शेठनी बोलावलं. तोंडी. म्हणाले, आज से ये वाली. ती चुनखडीची पावडर. मी विचारलं, किती? म्हणाले, मापाचे जेवढे मग आधी टाकायचास, तेवढेच. मी तेवढेच मग टाकले."

"कुठे लिहिलंय?"

"कुठे लिहिणार, अक्का? आमच्याकडे पोतं फोडून निळ्या पिंपात ओततात. पिंपावर काही लिहिलेलं नसतं. पिंप तेच, मग तोच."

"भास्करला सांगितलंस?"

"त्यात काय सांगायचं? मला काय ठाऊक, त्यानं काय होतं ते. आधीची अंगाला लागायची तर घरी बायको म्हणायची, तोंडाला पावडर लावून कोणाला भेटून आलात? नवी आली तसं तिचं बोलणं बंद झालं. एवढाच फरक मला कळला."

भास्कर हसला. दगडू हसला नाही. पहिल्या दिवसापासूनच बॉबिन अडकायला लागल्या, असं त्याने सांगितलं. सात-आठ मालांत एक. पिना मालात रुतायच्या आणि माल डायमध्येच राहायचा. निघाल्या त्याही दोन दिवसांनी वेड्यावाकड्या व्हायच्या. मागवाल्यांनी क्रेटच्या क्रेट परत पाठवल्या. बॉबिन फिरताना थडथडते म्हणाले.

"दादा म्हणाला, पाणी बघ. डाय गरम होत असेल. मी नळी काढून बघितली. पाणी गार होतं."

"वेळ वाढवून बघितली नाही?" मी विचारलं.

दगडूने भास्करकडे पाहिलं. उत्तर भास्करने दिलं.

"नाही वाढवली. सोळा माझे होते ना, अक्का. दोन वर्षं एक बॉबिन अडकली नव्हती. मला वाटलं मशीनचं काहीतरी आहे. वेळ वाढवायची म्हणजे मी चुकलो म्हणायचं. त्यापेक्षा हात घालून काढणं सोपं वाटलं."

आधी माल आपोआप पडायचा, त्यामुळे चिंधी असली तरी गेट उघडायची वेळ येत नव्हती. माल अडकू लागला आणि हात आत जाऊ लागला. मशीन ऑटोवर होतं. ठरलेल्या वेळी डाय मिटली.

निघताना दगडूने पिशवीतून एक बॉबिन काढून मला दिली. त्या मंगळवारी सकाळी पडलेल्या मालातली होती. ती त्याने का ठेवली होती, हे मी विचारलं नाही.

सुरत, शुक्रवार

शहरात प्लास्टिकची तपासणी करणारी एक छोटी प्रयोगशाळा आहे. ती चालवणाऱ्या बाईंना मी इथे हेमाबेन म्हणते. त्या बडोद्याला वाढल्या. शेजार मराठी होता, म्हणून मराठी चांगलं बोलतात. मी त्यांच्यापुढे दोन बॉबिन ठेवल्या. एक दगडूने दिलेली. दुसरी सुनीता शिवणाचा दोरा गुंडाळायला वापरते ती, दीड वर्षापूर्वीची.

हेमाबेननी दोन्हींतून मसुरीएवढे तुकडे कापले. एका यंत्रात ते आळीपाळीने वितळवले आणि एकाच गतीने थंड केले. पडद्यावर रेघ सरकत होती. माल बसताना उष्णता बाहेर टाकतो, तेव्हा त्या रेघेला उंचवटा येतो. जुन्या बॉबिनचा उंचवटा लवकर आला. नव्या बॉबिनचा यायला आणखी सुमारे दहा अंश खाली उतरावं लागलं.

"तूप कढवता ना तुम्ही?" हेमाबेननी विचारलं. "गरम तूप नुसतं ठेवलं तर कणी धरायला किती वेळ घेतं? आणि त्यात जुन्या रवाळ तुपाचा चमचा टाकला तर?"

"लवकर धरतं."

"कारण कणीला धरून बसायला जागा मिळते. प्लास्टिकचं असंच आहे. थंड होताना त्यातही कणी धरते. शंखजिऱ्याचे पापुद्रे तिला आवडतात. लाखो जागी एकदम सुरुवात होते, म्हणून माल लवकर बसतो. साधी चुनखडी तशी मदत फारशी करत नाही. ती मध्ये नुसती पडून राहते."

मग त्यांनी काचेवर दोन पातळ पापुद्रे ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली तापवले आणि थंड होऊ दिले. मी चांगला डोळा लावला. जुन्या मालात काही क्षण अंधार होता, मग सगळीकडे एकदम बारीक ठिपके उजळले आणि जागा भरून गेली. नव्या मालात थोड्याच जागी गोल चकत्या उमटल्या. त्या सावकाश वाढत होत्या. चुनखडीचे कण त्यांच्यामध्ये काळे दिसत होते. चकत्यांच्या मधला भाग बराच वेळ रिकामा राहिला.

"सोळा सेकंदांत हा माल बसेल का?"

"बॉबिनची कड जाड आहे. वरून बसलेली दिसेल, पोटात मऊ राहील. पिन रुतेल. जे उरलं ते बाहेर पडल्यावर बसत राहणार, दोन दोन दिवस. म्हणून वाकडी होते. चुनखडी वाईट नाही, लिहून घ्या. वेळ वाढवली तर चालते. चोवीसवर चालवली असती तर बहुतेक काही झालं नसतं."

"म्हणजे हात त्यामुळे गेला?"

हेमाबेननी तुकडे कागदात गुंडाळले. "माल उशिरा बसतो, एवढं माझं यंत्र सांगतं. हात का गेला, ते सांगत नाही."

त्यांनी एका पानावर दोन्ही रेघा छापून दिल्या.

परतताना मी गाड्यावरून पोंक घेतला. पोंक म्हणजे आमचा हुरडा. आमच्याकडे हुरडा शेतात शेकोटीभोवती बसून खातात आणि तो विकत घ्यायचा नसतो, त्याला बोलावणं यावं लागतं. सुरतेत थंडीत तो तोलून मिळतो, वर शेव आणि लिंबू. भास्करने पहिल्यांदा माझ्याकडे तोंड करून खाल्लं. हुरडा हातात चोळून खायचा असतो. पोंक आयता निवडलेला असतो. "हे एक बरं आहे," तो म्हणाला. "चोळायला दोन हात लागतात."

मग मी त्याच्यापुढे ते पान ठेवलं आणि सांगितलं. स्विच तू बांधलास, हे खरं. वेळ तू वाढवली नाहीस, हेही खरं. पण पावडर शेठने बदलली आणि ज्याच्या हातात मशीन होतं त्याला सांगितलं नाही, हे तिसरं. कागदात पहिलं आहे, दुसरं नाही, आणि तिसरं नाकारलेलं आहे. सही करू नकोस. मी माझ्या जुन्या पेपरात देते, कामगार खात्यालाही अर्ज लिहिते.

सुनीता म्हणाली, "बघा. मी म्हणत होते ना, सगळं तुमच्यावर नका घेऊ?"

भास्करने पानावरच्या रेघा बराच वेळ पाहिल्या. डाव्या बोटाने त्याने दोन उंचवट्यांमधलं अंतर मोजलं.

"शेठ काय सांगतील?" तो म्हणाला. "पावडर कोणी टाकली? दगडूने. सांगितलं कोणी? कोणी नाही, कागद नाही. काल तुलाही तेच म्हणाले ना, मिक्सिंगवाला देखता है."

"ते खोटं आहे."

"खोटं शे. पन लिखेल कोठे शे?" खोटं आहे, पण लिहिलेलं कुठे आहे, असं तो म्हणाला. मग मराठीत, "माझा हात गेलाच आहे, अक्का. त्याचं काम जाईल, वर पोलीस. त्याला मी आणलं इथं. त्याच्या आईला सांगून आणलं."

"मग निष्काळजी म्हणून सही करणार?"

"स्विच मीच बांधला ना? कागदात खोटं काय आहे?"

"मालाचा दोष नाही, हे खोटं आहे."

"ते एक आहे," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "तीन नंबरवर कोण होतं काल?"

मी प्रमोदचं नाव सांगितलं.

"स्क्रीनवर किती होतं?"

मी वहीत पाहिलं. कूलिंगपुढे सोळा लिहिलेलं होतं.

सुनीता उठून आत गेली. आतून भांड्यांचा आवाज आला, मग तोही थांबला.

कडोदरा, शनिवार

शेठच्या टेबलावर कागद, पेन आणि शाईचा पॅड ठेवलेला होता. खोलीत शेठ, त्यांचा हिशेबनीस, भास्कर आणि मी होते. दगडूला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. तो दाराशी उभा होता.

"सही करतो," भास्कर म्हणाला. "पण आधी तीन नंबरचं कूलिंग चोवीस करा. आणि चिंध्या काढा."

"अरे भास्करभाई, चोवीस में कितना माल निकलेगा?"

"आधी चोवीसच होतं."

शेठने हेमाबेनच्या पानाकडे पाहिलं. ते मी टेबलावर ठेवलं होतं. त्यांनी ते हातात घेतलं नाही. "ठीक छे," ते म्हणाले.

आम्ही सगळे शेडमध्ये गेलो. डाय उघडली होती आणि प्रमोद कोपरापर्यंत आत होता. एक बॉबिन अडकली होती. ती हातात घेऊन तो वळला तेव्हा मागे डाय बंद झाली. मालकाला पाहून तो हसला.

"भैया, हाथ मत डाल," भास्कर म्हणाला.

"अटकता है तो क्या करूँ?"

"मशीन बंद कर."

"हर बार बंद करूँगा तो गिनती कौन पूरी करेगा, आप?"

मग त्याचं लक्ष भास्करच्या पट्टीकडे गेलं आणि तो मशीनसमोरून बाजूला झाला. भास्करने डाव्या हाताने स्क्रीनवर सोळाचे चोवीस केले. आकडा लगेच बसेना. डाव्या बोटाला बटणांचा सराव नव्हता. जांभळी चिंधी त्याने दाताने सोडली. पुढचे आठ माल आम्ही उभं राहून पाहिले. आठही आपोआप पडले. आठवी बॉबिन भास्करने उचलली आणि गालाला लावली.

"बसली," तो म्हणाला.

ऑफिसात त्याने कागद पुन्हा एकदा वाचला. सही डाव्या हाताने जमली नाही. पहिली दोन अक्षरं ओळीखाली गेली. हिशेबनिसाने पॅड पुढे केला. भास्कर अकरावी पास आहे. त्याने डावा अंगठा उठवला. खाली साक्षीदार म्हणून दगडूने सही केली.

बाहेर आल्यावर दगडू त्याला म्हणाला, "दादा, सोमवारी डबा मी आणतो तुझा."

"तुझ्या बायकोच्या हातचा? हात गेला तो काय कमी झाला?"

दगडू रडायला लागला. गेटवरच्या म्हाताऱ्याने त्याला स्टूल दिलं.

धुळे

रविवारी मी परतले. भास्कर सोमवारी सकाळी आठ वाजता गेटवर रुजू झाला. त्याला आत शेडमध्ये जायची परवानगी नाही, म्हणून तीन नंबरचा आकडा तो दगडूला विचारतो. मी दोघांना वेगवेगळे फोन करते.

सोमवारी आणि मंगळवारी चोवीस होतं. बुधवारी दगडूने फोन उचलला नाही. भास्कर म्हणाला, चोवीसच असेल. गुरुवारी दोघांनी वीस सांगितलं. शुक्रवारी मागणी वाढल्याने दुसरी पाळी सुरू झाली आणि प्रमोद दोन्ही पाळ्या करू लागला. पिंपातली पावडर चुनखडीचीच आहे. शनिवारी दगडूने दोन पोती घरी नेली.

काल दुपारी पाळी सुटल्यावर मी दोघांना फोन केला. आकडा दोघांनी एकच सांगितला: सोळा.